आधी चौक, मग खोल्या

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ ६२० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके घेतला आहे. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. मी नोकरी करते, मिस्टर अंबडला शिफ्टमध्ये. आत्ताच्या भाड्याच्या घरात सुट्टीच्या दिवशीही विसावा म्हणून मिळत नाही, घराचं गोडाऊन झालंय. नव्या घरात तसं व्हायला नको. इंटिरिअरवाल्याने साडेसात लाखांचं कोटेशन दिलंय आणि ‘मिनिमल लूक’ करून देतो म्हणतो. साधं, मोकळं, शांत घर आमच्यासारख्यांना जमण्यासारखं असतं का? सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

प्लॅनसोबत तुम्ही कोटेशनही पाठवलंत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. एकूण ४१ बाबी आहेत. हॉलला नऊ फुटी टीव्ही युनिट, एल आकाराचा सोफा, क्रॉकरी युनिट, बसायची सोय असलेला शू रॅक, फॉल्स सीलिंग, त्यात बारा स्पॉटलाइट. बेडरूमला हायड्रॉलिकचा बॉक्स पलंग, दोन साइड टेबलं, वॉर्डरोब, टेबल, वर लॉफ्ट. बाल्कनी आत घेऊन तिथे स्टोरेज. या ४१ बाबींत ‘इथे काहीही करायचं नाही’ अशी एकही ओळ नाही. मग मिनिमल ते काय? तर या सगळ्याला हँडल नसणार आणि लॅमिनेट राखाडी असणार.

नाशकात आर्किटेक्ट म्हणून काम करतेय त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. बंगले थोडे, फ्लॅटच जास्त. इतक्या घरांत टेप लावल्यावर एक गोष्ट पक्की कळली: मोकळी जागा कधी उरत नाही. ‘सगळं बसवून झालं की उरेल तेवढं मोकळं ठेवू’ म्हणणाऱ्यांच्या घरात काही उरलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मोकळी जागा आधी आखायची, मग तिच्या कडेने बाकीचं बसवायचं. तुमच्या प्लॅनवर हे उलट झालंय.

तुमची मोठी बेडरूमच घ्या. दहा बाय अकरा, म्हणजे ११० चौरस फूट. सहा बाय साडेसहाच्या पलंगाने ३९ खाल्ले. सात फुटी वॉर्डरोब दोन फूट खोल, त्याचे १४. साइड टेबलांचे मिळून साडेचार. चार बाय दोनच्या टेबलाचे ८. उरले साडेचव्वेचाळीस, म्हणजे वाचायला काही वाईट नाहीत. पण खोलीचं दार आत उघडतं, त्याच्या फेऱ्यात सहा-एक जातात. वॉर्डरोबची दारं उघडायला बारा. हातात राहिले पंचवीस-सव्वीस, आणि तेही सलग नाहीत. पलंगाच्या तीन बाजूंनी दीड-दोन फुटांच्या पट्ट्या. असल्या पट्टीतून माणूस अंग चोरून जाऊ शकतो. तिथे तो थांबत नाही. तुम्ही म्हणता घरी येऊनही विसावा वाटत नाही. आता हाच हिशेब आत्ताच्या भाड्याच्या घराचा करून बघा. जी काही जमीन दिसतेय ती सगळी ये-जा करायची निघेल, टेकायची एक फूटही नाही.

माझं लहानपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं. वाडा आता नाही, त्या जागी पाच मजले उभे आहेत. वाड्यांबद्दल लिहायला लागलं की लोकांचा गळा दाटून येतो. माझा तसा येत नाही, का ते पुढे सांगते. पण एक गोष्ट त्या बांधणाऱ्यांना नेमकी कळलेली होती. ते चौकापासून सुरुवात करायचे. आधी मधला चौक, आभाळाला उघडा. मग त्याच्या चारी बाजूंनी ओसरी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर. खोल्या लहान-मोठ्या झाल्या, एखादी काढावीच लागली, तरी चौक हलायचा नाही, कारण उजेड, वारा आणि पावसाचं पाणी सगळं त्याच्यातूनच यायचं-जायचं.

आणि त्या चौकात कायमचं असं काय होतं? एक तुळस, एक दगडी डोणी, कोपऱ्यात पाणी जायची मोरी. बस. म्हणून तर तिथे उन्हाळ्यात कुरडया वाळायच्या, श्रावणात मंगळागौर जागायची, आत्याची हळद तिथेच लागली, आजोबा गेले तेव्हा त्यांना आणून ठेवलं तेही तिथेच. एरवी सकाळी अकरा ते चार तिथे कोणी नसायचं. ऊन एका भिंतीवरून उतरून दुसऱ्या भिंतीवर चढायचं, तेवढीच हालचाल. शाळेला सुट्टी असली की मी उंबऱ्यावर बसून ते बघायचे. कोणी ‘काय करतेस गं?’ विचारलं तर ‘काही नाही’ म्हणायचे, आणि त्यावर पुढचा प्रश्न यायचा नाही. आज माझ्या लेकीने मला ‘काही नाही’ असं उत्तर दिलं तर मी तिला काहीतरी काम सांगते.

दुसरी गोष्ट जमिनीची. वाड्यातल्या खोल्या काही मोठ्या नव्हत्या, आमची राहायची खोली तुमच्या बेडरूमएवढीच असेल. पण सकाळी अंथरुणांच्या वळकट्या होऊन फडताळात जायच्या. जेवायला पाट यायचे, जेवण झालं की भिंतीला टेकून उभे. पाहुणे आले की सतरंजी. एकच जमीन दिवसातून चारदा वेगळी खोली व्हायची, कारण मधल्या वेळात ती रिकामी होत होती. कपडे खुंटीला, दिवा दिवळीत, डबे कोनाड्यात. म्हणजे साठवण भिंतीच्या जाडीतच मुरलेली. जुन्या पद्धतीच्या जपानी घरातही हेच आहे. रात्रीच्या गाद्या सकाळी भिंतीतल्या कपाटात जातात आणि खोली मोकळी होते. त्यांच्याकडे या मधल्या रिकाम्या जागेला, मधल्या वेळालाही, ‘मा’ असा शब्द आहे. तो ज्या अक्षराने लिहितात त्यात एक दार आहे आणि दाराच्या मधे सूर्य. बैठकीच्या खोलीत ‘तोकोनोमा’ म्हणून एक कोनाडा असतो, त्यात एक चित्र आणि एखादं फूल, एवढंच. तिथे कोणी बसत नाही, सामानही ठेवत नाही.

हे ऐकलं की काही क्लायंट लगेच म्हणतात, मग आपणही जपानी स्टाइल करू. नको. तुमच्या घरात तोकोनोमा आहे, फक्त तुम्ही त्याला तसं म्हणत नाही. मला सांगा, या प्लॅनमध्ये गणपती कुठे बसणार? मी प्रत्येक क्लायंटला हा प्रश्न विचारते आणि दहातले आठ गप्प होतात. मग, शू रॅक हलवू, सेंटर टेबल बेडरूममध्ये टाकू, असं सुरू होतं. तुमच्या हॉलमध्ये खिडकीच्या डाव्या हाताला चार फुटांची भिंत आहे, कोटेशनमध्ये तिथे क्रॉकरी युनिट लावलंय. ते काढा. ती भिंत गणपतीची. चौरंग मावेल, मखर मावेल, आरतीला माणसं उभी राहतील. उरलेले साडेअकरा महिने तिथे काहीही ठेवू नका. एखादी समई किंवा पितळेच्या तांब्यात दोन फांद्या, बस. पहिले पंधरा दिवस हात शिवशिवतील. घरी आलेला प्रत्येक जण ‘इथे काय करणार आहात?’ असं विचारेल. ‘गणपती’ म्हणायचं. या उत्तरावर कोणाला वाद घालता येत नाही.

आता वाड्याची दुसरी बाजू. चौक मोकळा होता, पण त्या मोकळेपणात बसायचं कोणी? ओसरीवरचा झोपाळा पुरुषांचा. माझी आजी पहाटे पाचला उठायची आणि दुपारी दोनला भांडी पालथी घातल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाठ टेकून बसायची. तीही बसल्या बसल्या तांदूळ निवडायला घ्यायची. स्वयंपाकघरात धूर, माजघरात भरदुपारी दिवा लागेल असा अंधार. आणि वाड्याबाहेर बघायचं तर काळारामाच्या देवळाचं एवढं प्रशस्त आवार, भोवती ओवऱ्या, आणि दलितांना दारातून आत जाता यावं यासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू करावा लागला. मोकळी जागा दिसली की ती कोणासाठी मोकळी आहे हे विचारायची सवय मला तेव्हापासून, म्हणजे आजीपासून, लागली.

म्हणून तुम्हालाही विचारते. तुमच्या प्लॅनवर मिस्टरांची सोफ्याची जागा कळते, मुलीचं टेबल कळतं. सासूबाईंना मुलीच्या खोलीत सिंगल बेड दिलाय. तुमची जागा कुठली? ओट्यासमोर उभं राहायची सोडून. बहुतेक घरांत बाईला बसायची स्वतःची अशी जागाच नसते. ती सोफ्याच्या कडेवर बसते, कारण कुकरची शिट्टी झाली की उठायचं असतं. स्वयंपाकघर आठ बाय नऊचं आहे, तिथे खुर्ची मावणार नाही. पण ड्राय बाल्कनीच्या दाराशी दीड फुटाची जागा आहे. तिथे पाठ असलेलं एक लाकडी स्टूल ठेवा, आणि समोरच्या भिंतीवर मसाल्याची फळी ठोकायला सुताराला परवानगी देऊ नका. समोर उघडं दार राहू दे.

साधेपणाचा मला पटलेला हिशेबसुद्धा इथलाच आहे, स्वयंपाकघरातला आणि झाडलोटीतला. घरात जितक्या आडव्या फळ्या तितकी धूळ, आणि ती पुसणारं माणूस ठरलेलं. तुमच्या टीव्ही युनिटला अकरा उघडे कप्पे दाखवलेत. प्रत्येकात एक शोभेची वस्तू धरली तर वस्तू उचला, पुसा, खालचं पुसा, वस्तू परत ठेवा. रविवारची सकाळ त्यात जाणार. ‘मिनिमल’ शोरूममध्ये बरं दिसतं कारण तिथे पुसायला पगारी माणूस असतो. तुम्ही विसावा मागताय. तुमच्या घरात तो सौंदर्याच्या आधी पुसायच्या फळ्या कमी करून मिळेल.

साठवणीविषयी एक गैरसमज काढून टाकते. सामान टाकून द्या असं मी म्हणणार नाही. चार माणसांच्या मराठी घरात सामान असणारच. हरभरा डाळ वर्षाची भरली जाते, गोधड्या असतात, सासूबाईंची नाव घातलेली भांडी असतात. ती भांडी मोडीत काढा असं सांगणारी आर्किटेक्ट त्या घरात पुन्हा चहाला जाऊ शकत नाही, स्वानुभव आहे. प्रश्न सामानाचा नाही, ते घरभर विखुरल्याचा आहे. प्रत्येक खोलीत थोडं, पलंगाखाली थोडं, टीव्हीखाली थोडं, बाल्कनीत थोडं. त्याऐवजी एक भिंत साठवणीला देऊन टाका. मुलीच्या खोलीतली दहा फुटी भिंत, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत, नऊ फूट उंच, दोन फूट खोल. दहा गुणिले दोन गुणिले नऊ, म्हणजे १८० घनफूट. तुमच्या त्या हायड्रॉलिक पलंगाच्या पोटात जेमतेम पस्तीस घनफूट बसतात. म्हणजे एक भिंत पाच पलंगांचं काम करते. खोली दोन फुटांनी आखूड होईल हे खरं, पण बाकीची तीन ठिकाणं मोकळी होतील. पलंग साध्या पायांचा घ्या, खालून जमीन दिसली की खोली मोठी वाटते आणि केरसुणीही आत जाते.

बॉक्स पलंगावर माझा जरा रागच आहे, कबूल करते. मागे गंगापूर रोडवरच्या एका घराच्या नूतनीकरणात असा पलंग माझ्यासमोर उघडला. वर गाद्या, त्या काढल्या. खाली टीव्हीचा खोका, त्यात थर्मोकोल तसंच, टीव्ही कधीच बदललेला. दोन न वापरलेले डिनर सेट, एकावर ‘सप्रेम भेट’ची चिठ्ठी तशीच. मुलाचे बालवाडीतले गणवेश. तीन छत्र्या. एका पिशवीत जुने चार्जर. घरातली बाई ते बघत उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, “मॅडम, आम्ही बारा वर्षं याच्यावर झोपतोय होय?”

माझ्याही हातून चुका झाल्यात, आणि सगळ्यात मोठी स्वतःच्याच घरात. २००३ साली आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मी नव्या दमाची होते, एक इंचही वाया जाऊ द्यायचा नाही असा बाणा. हॉलच्या खिडकीखाली सलग कपाटं, वर पुस्तकांच्या फळ्या, कोपऱ्यात घडी होणारं टेबल. लोक बघायला यायचे. अण्णा, माझे वडील, तेव्हा रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आले होते. त्यांची एक कापडी आरामखुर्ची होती. ती त्या खिडकीशी बसायला हवी होती, पण तिथे आता कपाट होतं. खुर्ची आधी बाल्कनीत गेली. पावसाळ्यात कापड भिजलं. मग लॉफ्टवर, मग गावाकडे. अण्णा काही बोलले नाहीत. ते पलंगाच्या कडेवर बसून पेपर वाचायला लागले, पाय जमिनीला धड टेकत नाहीत अशा उंचीवर. मला हे दिसायला दोन वर्षं लागली. मी रोज दुसऱ्यांच्या घरी जाऊन विचारायचे, तुम्ही दिवसभर कुठे बसता?

म्हणून सासूबाईंची जागा हॉलच्या खिडकीशी काढा. तिथे सोफ्याचा एल वळवलाय तो सरळ करा, म्हणजे तीन जणांचा साधा सोफा. खिडकीखाली दीड फूट उंच, दोन फूट खोल, सहा फूट लांब ओटा करून घ्या, वर पातळ गादी. खाली मोकळं राहू दे, ड्रॉवर नकोत. हा ओटा दुपारी त्यांचा, रात्री मिस्टर शिफ्टवरून आले की त्यांचा, मधे मुलीचा. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ती जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडण्याची. त्यासाठी बेडरूममध्ये जाऊन पडदे ओढायची गरज नसते. अशी एक आडवं व्हायची जागा हवी, जिथे पडल्यावर ‘झोपलात का?’ असं कोणी विचारणार नाही. एक मात्र, रात्रपाळीची भर दिवसाची झोप त्या ओट्यावर होणार नाही. तिला अंधारच लागतो. मोठ्या बेडरूमच्या खिडकीला जाड, दुहेरी पडदा लावा, तिथे पैसे वाचवू नका.

त्या ओट्याजवळ इलेक्ट्रिशियनला प्लग पॉइंट काढू देऊ नका. हे मी गेली आठ-नऊ वर्षं करते आहे. मोबाइल चार्जिंगचे सगळे पॉइंट दाराजवळच्या एका फळीवर, आणि बसायच्या-पडायच्या जागेपासून किमान सात-आठ फूट लांब. तरुण क्लायंट भांडतात. पण वायरिंग एकदा भिंतीत गेलं की कोणाला नियम सांगावे लागत नाहीत. ओट्याचं तोंडही टीव्हीकडे नको. फॉल्स सीलिंग पूर्ण काढून टाका. तुमचा स्लॅब साडेनऊ फुटांवर आहे, तो खाली आणून मिळणार काही नाही. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असता तर गच्चीच्या तापासाठी वेगळा विचार केला असता, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात. बारा स्पॉटलाइटऐवजी मधे एक दिवा आणि ओट्याच्या डोक्याशी एक पिवळा दिवा, २७०० केल्व्हिनचा. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून मागा.

बाल्कनी आत घेऊ नका. एकतर सोसायटी आणि महापालिकेचा प्रश्न आहे, ते सोडा. पण नाशिकची रात्र हा आपला ठेवा आहे. एप्रिलमध्ये दिवसा कितीही तापलं तरी रात्री उशिरा हवेला गारवा येतो, तो आत यायला एक बाजू आणि बाहेर जायला समोरची बाजू उघडी हवी. तुमच्या प्लॅनमध्ये बाल्कनीचं दार आणि ड्राय बाल्कनीचं दार एका रेषेत आहे. बिल्डरने हे मुद्दाम केलं असेल असं नाही, पण झालंय. त्या रेषेत कपाट नको.

‘जमण्यासारखं असतं का?’ या प्रश्नाकडे, म्हणजे पैशाकडे, येते. इथे मला तुमच्या घरापासून फार लांब नसलेली एक जागा दाखवायची आहे. पांडवलेणी तुम्ही पाहिली असतील, मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाता-येता दिसतातच. पुढच्या वेळी दहा नंबरच्या लेण्यात जा आणि मूर्ती-नक्षी न बघता नुसता प्लॅन बघा. मधे मोठं चौकोनी दालन, आत एकही खांब नाही. तीन बाजूंना लहान-लहान खोल्या, त्यात निजायला दगडी ओटे. हा विहार, बौद्ध भिक्षूंच्या मुक्कामाची जागा. डोंगर फोडून काढायचा म्हणजे इथे मोकळी जागाच महाग, प्रत्येक फूट छिन्नीने कोरून बाहेर फेकलेला. तरी मधलं दालन रिकामंच. भिक्षू वर्षभर फिरत असत, पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी थांबायचे, तो वर्षावास.

त्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने इथल्या भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, ठेवले. हो, तेच गोवर्धन, गंगापूर रोडने जाताना लागतं ते. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. हजार दुसरीकडे, पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून बघा: महिना शेकडा एक म्हणजे दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही दोनशे चाळीस. पै-पैचा ताळा जमतो. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी पावसाळ्यात थांबणाऱ्या माणसांसाठी कोणीतरी ठेव ठेवली, व्याजाचा दर ठरवला आणि तो दगडात कोरला. आपण मात्र विसाव्याला बजेटमध्ये शून्य धरतो आणि मग तो का मिळत नाही म्हणून विचारतो.

तेव्हा साडेसात लाखांतून आधी थांबण्याचे पैसे काढा. खिडकीखालचा ओटा, त्यावरची चांगली गादी, जाड पडदा, दोन दिवे, डासांची जाळी. जाळी विसरू नका, जाळीशिवाय उघडी खिडकी ही फक्त लेखात शोभते. मग साठवणीची भिंत. मग स्वयंपाकघर, तिथे हात आखडू नका, रोजचा वापर आहे. एवढ्यावर थांबा. माझ्या अंदाजाने कोटेशनच्या निम्म्याच्या आसपास येईल. उरलेले पैसे बँकेत ठेवा आणि सहा महिने नुसते राहा. सहा महिन्यांनी ज्या वस्तूवाचून खरंच अडलं तीच करून घ्या. माझ्या क्लायंटपैकी जे असं थांबले त्यांच्यापैकी एकानेही नंतर क्रॉकरी युनिट केलेलं नाही.

तुम्ही वेळेबद्दलही लिहिलंय, की रविवारसुद्धा कामातच जातो. मी आर्किटेक्ट आहे, तुमच्या रविवारचा प्लॅन काढून देऊ शकत नाही. पण पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागाईतदाराचं घर करत होते तेव्हाची गोष्ट सांगते. मार्चमध्ये माल निघाला होता, एप्रिलच्या खरड छाटणीला अवकाश होता. साइटवर मी म्हटलं, बागेत सध्या काहीच चाललेलं दिसत नाही. ते म्हणाले, “बागेला विश्रांती दिलीये. घाई केली तर पुढच्या साली काडीत दम राहत नाही.” असं म्हणत असताना त्यांच्या हातात दोन फोन होते आणि सकाळपासून जेवण झालेलं नव्हतं. त्यांच्या कॅलेंडरवर बागेची विश्रांती तारखेनिशी लिहिलेली होती. स्वतःची नव्हती.

गोदेचा काठही तसाच आखलेला आहे. रामकुंडापासून खाली गाडगे महाराज पुलापर्यंत घाट आणि पटांगणं वर्षातले बहुतेक दिवस मोकळी दिसतात आणि प्रत्येक पिढीत कोणाला तरी वाटतं, इथे काहीतरी करायला हवं, एवढी जागा वाया जातेय. मग २००८ सारखा, २०१९ सारखा पूर येतो, काठावरचा दुतोंड्या मारुती बुडतो आणि सराफ बाजारात पाणी शिरतं. ती जागा रिकामी नव्हती. ती पाण्याची होती, पाणी फक्त रोज येत नव्हतं. घरातही आजारपण येतं, बाळंतपण येतं, गावाकडून चार माणसं येतात, मुलीची दहावी येते. नकाशावर काठोकाठ भरलेल्या घरात यातलं काहीही आलं की आधी चिडचिड होते, मग खर्च.

आता पहिलं काम. कोटेशनवर सही करू नका. येत्या रविवारी नव्या फ्लॅटची किल्ली घेऊन चौघंही जा. रांगोळीचा डबा आणि टेप न्या. कोटेशनमधला प्रत्येक नग खऱ्या मापाने रांगोळीने जमिनीवर काढा: पलंग, सोफा, युनिट, टेबल, दारांचे फेरेसुद्धा. काढून झालं की त्या रेषांवर पाय न देता तासभर घरात वावरा. स्वयंपाकघरातून ताट घेऊन हॉलमध्ये या. सासूबाईंना रात्री बाथरूमला जातात तसं चालायला सांगा. ज्या रेषा तासाभरात पुसल्या जातील ते नग तुमच्या घरात जास्तीचे आहेत. हा प्रयोग मी बऱ्याच ठिकाणी केलाय, साइड टेबलं सगळ्यात आधी पुसली जातात. मग सतरंजी टाकून डबा खा आणि कोण आपसूक कुठे बसतंय ते बघा. तिथे एक फुली मारा. त्या चार फुल्यांचा फोटो आणि मापं मला पाठवा, मी त्यावरून ओटा आणि दिवे बसवून देते.

सुताराला टीव्ही युनिटचा ॲडव्हान्स आधीच दिला असेल तर तो बुडवू नका. १९ मिलिमीटरचं प्लाय त्याने आणलं असेलच. खिडकीखालचा सहा फुटी ओटा आणि साठवणीच्या भिंतीचे दोन कप्पे त्यातच निघतील. ओट्याला मधे एक पाय जास्तीचा द्यायला सांगा, तीन माणसं बसली की मधे झोक येतो.